भंगाराच्या दिवशी

लातूरच्या सोयाबीन गोदामातली जुनी डिझेल फोर्कलिफ्ट त्या दिवशी भंगारात निघाली होती. ती नवीकोरी आली तेव्हा पार रेणापूरहून माणसं बघायला आली होती, आणि नारळ दगडोबा मिस्त्रीनंच फोडला होता. एकोणीस वर्षं रोज सकाळी करायचा तसं त्यानं आजही ब्रेकचं तेल बघितलं, साखळीला ग्रीस लावलं, हॉर्न वाजवला. आवाज तोच, बसका.

मॅनेजर म्हणाले, "मिस्त्री, आता कशाला? फळ्यांवरून एकदा ट्रकात चढली की संपलं."

दगडोबानं चिंधीला हात पुसले.

"भंगारात ही चालली हाय, साहेब. हिला चढवणाऱ्या उमाकांतला घरी जायचं हाय."