थोरल्या भावाचं पत्र

त्या पत्राला अरुणरावांनी अकरा वर्षांत उत्तर दिलं नव्हतं. पत्र चारच ओळींचं होतं. 'बाबा, हे पत्र तुम्हाला मिळो. तुम्ही एकटे नाही. इकडे या. येता आलं नाही तर दोन ओळी लिहा.' खाली सही होती, डॅफ्नी. पाकिटावर नुसतं 'पाळंदे' हे आडनाव आणि अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या घराचा पत्ता.

पत्र आलं तेव्हा थोरल्या भावाला, रवींद्रला, जाऊन महिना झाला होता.

रवींद्र विद्यापीठात मानववंशशास्त्र शिकवायचा. तरुणपणी तो दोन वर्षं ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात, तिथल्या मूळ रहिवाशांच्या एका वस्तीत राहिला होता. तिथल्या एका माणसाने त्याला भाऊ मानलं आणि त्या दिवसापासून वस्तीतल्या प्रत्येकाशी त्याचं नातं ठरून गेलं. कोणाची थट्टा करायची, शिकारीतला वाटा कोणाला द्यायचा, कोणासमोर मान वर करायची नाही. त्या माणसाची सात वर्षांची मुलगी, डॅफ्नी, रवींद्रला बाबा म्हणू लागली.

अरुणरावांचा जन्म ग्रंथालयात गेला, पुस्तकांच्या नोंदी करण्यात. लग्न राहून गेलं. ते भावाकडेच राहत. 'तुझे बाबा गेले' हे त्या मुलीला कसं लिहावं, ते त्यांना सुचेना. चार मसुदे फाडले. मग वर्ष उलटलं, आणि उशिराची लाज वाटू लागली.

यंदा ऑगस्टमध्ये फोन आला.

"बाबा? मला तिकडच्या संग्रहालयाने बोलावलंय. ऑक्टोबरात दोन दिवस तुमच्याकडे राहू?"

अरुणराव 'ये' म्हणाले. एवढंच. त्यांना आजवर कुणी बाबा म्हटलं नव्हतं.

वरच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या उत्तराला त्यांनी हे सांगितलं. ती नागपूरची, पीएचडी करणारी, तोंडाची फटकळ.

"काका, हे चीटिंग आहे."

"सांगणार आहे मी तिला."

"कधी? आणि दोन दिवस रवींद्रकाका व्हायचं तर आधी मोठ्याने बोलायला शिका."

त्यांना झोप लागेना. खरं सांगितलं तर ती निघून जाईल, आणि ती हाक पुन्हा कधी ऐकू येणार नाही. न सांगावं तर ती कधीही पकडेल. त्यांनी भावाच्या डायऱ्या काढल्या. वस्तीतल्या कुत्र्यांची नावं, पाण्याच्या जागा, जीप कुठे रुतली होती, सगळं पाठ केलं. भिंतीवरचा रवींद्रचा फोटो उतरवून कपाटात ठेवला.

डॅफ्नी आली. पन्नाशीची, केस पिकलेले, अंगात कुणाचा तरी मोठा कोट. दारातच तिने अरुणरावांचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ पाहत राहिली. मग तिची नजर भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्यावर गेली. ती कोट काढून बसली.

जेवताना ती घरचं सांगत होती. आई जाऊन वीस वर्षं झाली होती. थोड्या वेळाने गळ्यातला मफलर दाखवत म्हणाली की हा आईने परवाच विकत घेऊन दिला, अमेरिकेत थंडी असते म्हणून. अरुणरावांनी ओठांवर आलेला प्रश्न गिळला. रवींद्रला हे विचारावं लागलं नसतं.

तिने जुनं मात्र काहीच काढलं नाही. कुत्री नाहीत, जीप नाही. पाठ केलेलं सगळं तसंच राहिलं, आणि त्याचीच त्यांना जास्त भीती वाटू लागली. तिला संशय आला असेल का? ती वाट पाहत असेल का? तिचे प्रश्न भलतेच होते. स्वयंपाक कोण करतं. बर्फ कोण काढतं.

"आजारी पडलात तर कोण येतं?"

"उत्तरा येते."

"ती तुमची कोण लागते?"

"भाडेकरू."

डॅफ्नी घास चावत राहिली. उत्तरा म्हणाली, "फुकटची पुतणी समजा."

तिसऱ्या दिवशी सकाळी अरुणरावांनी एका पानावर सगळं लिहून काढलं. रवींद्र गेला. मी धाकटा, अरुण. मी खोटं वागलो. कोट चढवून ते निघाले, तर जिन्यात उत्तरा भेटली. तिने पाकिटावरचा पत्ता वाचला.

"ऑस्ट्रेलिया? काका, ती किचनमध्ये नाश्ता करतेय. दहा पावलांवर आहे."

"तोंडाने नाही जमत गं."

"मग ती गेल्यावर तरी टाका."

"नंतर टाकू म्हटलं की अकरा वर्षं जातात."

कोपऱ्यावरच्या निळ्या पत्रपेटीपाशी ते पोचले. झाकण उघडून पाकीट फटीशी धरलं, तेवढ्यात मागे पाचोळा वाजला. डॅफ्नी होती. पायांत घरातल्याच सपाता. तिने पाकिटावर स्वतःचं नाव वाचलं.

आता सुटका नव्हती.

"मी तो नाही," अरुणराव म्हणाले. "मी धाकटा. तो, रवीं..."

तिने पटकन त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

"गेलेल्या माणसाचं नाव आमच्यात घेत नाहीत," ती म्हणाली. "विद्यापीठाने आम्हाला त्याच आठवड्यात कळवलं होतं. साऱ्या वस्तीने सुतक पाळलं."

अरुणरावांना काही उमजेना. पत्र तर त्यानंतर महिन्याने आलं होतं.

"सुतक फिटलं आणि मी लिहायला बसले," डॅफ्नी म्हणाली. "आमच्यात आईची बहीण आईच, बाबांचा भाऊ बाबाच. एक बाबा गेले होते. दुसरे त्या घरात एकटे होते. अकरा वर्षं वाट पाहायला लावलीत, बाबा."

पाकीट त्यांच्या हातून सुटलं आणि पेटीत पडलं.