काळं कवच

डोळे मिटून कल्पना करा, की तुमच्या तळहातावर एक दगड आहे. पेरूएवढाच, पण हातात घेताच हात खाली जातो. आठ दिवसांपूर्वी तो आकाशातून पडला आणि एका घराचे पत्रे फोडून आत आला. आता डोळे उघडा. जयपूरच्या जवाहर नगरात, कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या श्रीधर सरांच्या जेवणाच्या टेबलावर तो दगड ठेवला आहे. आणि आरशासारखा चमकतो आहे.

समोर बाबूलाल बसला होता, खुर्चीच्या अगदी कडेवर. मागच्या गल्लीत तो चाकावर नगीने, म्हणजे दागिन्यांतले खडे, घासायचा. फुटलेले पत्रे त्याच्या भावाचे होते.

"साबजी, तीन वेळा पॉलिश मारलंय. आता बोला, कितीचा?"

श्रीधर सरांनी लोहचुंबक जवळ नेलं. ते टक्कन चिकटलं. त्यांचा चेहरा उजळला आणि लगेच उतरला.

"उल्काच आहे. दगडी. बहुतेक अशाच पडतात. लोखंडाच्या कमी, आणि दगड-लोखंड मिसळलेल्या तर त्याहून कमी."

"दगडी म्हणजे सस्ती?"

"ताजी पडलेली दगडी उल्काही संग्रहालयं मागून घेतात. येताना ती हवेत जळते, तिच्यावर काळं, पातळ कवच येतं. आधी तेच बघतात. ते कुठं आहे?"

"ते घासून टाकलं, साबजी. मैल होता, काळा मळ. चाकाखालच्या पाण्यात गेला."

"सगळं?"

बाबूलाल हसला, पण ओठांपुरताच. "एका बाजूनं उघडला, आत हिरवे खडे दिसेनात. मग दुसऱ्या बाजूनं. मग म्हटलं, आता पूराच करू."

"हिरवे खडे त्या मिसळलेल्या उल्केत असतात, आणि तेही एखाद्याच जातीत. तुम्हाला हे कोणी सांगितलं?"

स्वयंपाकघराच्या दारात सरांची मुलगी निशिगंधा शाळेचा डबा हातात धरून उभी होती. दहा वर्षांची. रविवारी बाबूलाल आला तेव्हा बाबा उदयपूरला गेले होते. तिनंच बाबांचं पुस्तक काढून त्याला फोटो दाखवला होता. तीन बोटं मोजून तीन प्रकार सांगितले होते, आणि तिसऱ्या बोटावर थांबून म्हणाली होती, "ये सबसे महँगा, चाचा. घासून बघा ना, आत असतील."

बाबूलालनं तिच्याकडे पाहिलं. क्षणभरच.

"कोणी नाही," तो म्हणाला. "आमची आदतच खराब. दगड हातात आला की हात चाकाकडे जातो."

निशिगंधानं मान खाली घातली.

"मग आता किती, साबजी?"

श्रीधर सरांनी दगड उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "आता वर्गात मुलांना दाखवायला चांगला आहे."

"पत्र्यांपुरतं तरी?"

सरांनी नकारार्थी मान हलवली. बाबूलालनं खिशातून रुमाल काढला आणि दगड आधी पुसून, मग रुमालात बांधून घेतला. इतका चकचकीत दगड पुसायची गरज नव्हती.

"ठीक है," तो उठत म्हणाला. "भाईला सांगतो, नकली निघाला."

तो दारापर्यंत गेला. मागे भांड्याचा आवाज झाला. निशिगंधानं डब्यातले पराठे टेबलावरच्या ताटलीत उपडे केले होते. युनिफॉर्मच्या बाहीनं ती डबा आतून पुसत होती, कोपरे धरून, दोनदा.

"निशी, बसची वेळ झाली," सर म्हणाले.

"बाबा, मीच सांगितलं होतं त्यांना. तुमचं पुस्तक दाखवून. मतलब... घासा म्हणून."

बाबा काय म्हणतात ते ऐकायला ती थांबली नाही. बुटांच्या नाड्या तशाच सोडून ती जिन्यात बाबूलालच्या पुढे जाऊन उभी राहिली आणि रिकामा डबा तिनं त्याच्यासमोर धरला.

"चाचा, तुमच्या चाकाखालचं ते काळं पाणी... अजून फेकलं नाही ना?"