प्रमाणपत्रावरचं नाव

इंडोनेशियातल्या केदिरी गावच्या शाळेत प्रमाणपत्रांवर मुलांची नावं लिहावीत ती सुमार्तो गुरुजींनीच. पुढेपुढे लेखणी धरली की त्यांची बोटं आवळायची, मनगट वाकायचं. ‘कुणीतरी करणी केलीय,’ म्हणत ते मांत्रिकांकडे फिरले, दवाखान्यात गेले नाहीत. लेकीचं, रेत्नोचं नाव तरी आपणच लिहायचं म्हणून हट्टाने बसले आणि ते वेडंवाकडं उमटलं. प्रमाणपत्र एकदाच देतात. तिला तेच मिळालं. कितीतरी वर्षांनी सुराबाया शहरातल्या डॉक्टरबाईंनी हाताला स्नायू सैल करणारं इंजेक्शन दिलं. ‘दोष मेंदूतला आहे, गुरुजी. तेव्हाच यायचं होतं.’ पंधरवड्यात बोटं सैलावली. गुरुजींनी कोऱ्या कागदावर लेकीचं नाव लिहिलं, पूर्वीसारखं. ‘पोरी, नोकरीच्या ठिकाणी विचारत असतील ना, प्रमाणपत्रावर असलं अक्षर कुणाचं?’ ‘विचारतात, बाबा.’ ‘मग काय सांगतेस?’ रेत्नोने तो कागद हातात घेतला. ‘सांगते, कारकून नवशिका होता.’ ‘बरं करतेस,’ म्हणत गुरुजींनी लेखणीला टोपण लावलं.