हमालवाडी

खिंडीत बर्फ पडत होता, पण माणसं पडत नव्हती.

म्हणजे पडत होती, पण लगेच उठत होती. मुंगी कड्याखाली उभी राहून बघत होती. वरून एक धनुर्धारी घसरला, गडगडत खाली आला आणि बर्फात तोंड खुपसून निपचित पडला. ती सवयीने त्याच्याकडे धावली. ती पोहोचायच्या आत तो उठला, अंगावरचा बर्फ झटकला आणि तिच्याकडे न बघता चालता झाला.

मुंगी हे तिचं खेळातलं नाव. एरवी ती इस्पितळात एक्स-रे काढते आणि 'श्वास रोखून धरा' हे वाक्य दिवसातून शंभरदा म्हणते. आज रविवार होता. कॉम्प्युटरच्या टेबलावर ऊन आलं होतं आणि शेजारी बसून आई मटार सोलत होती.

"काय गं, आज गिऱ्हाईक नाही वाटतं?" आईने विचारलं.

"नवा नियम आलाय. पडलेला माणूस आता स्वतःच उठतो. एक बटण दाबायचं, झालं."

"मग चांगलंच की. तुझी पाठ तरी सुटली."

कालपर्यंत या खिंडीत पडलेल्याला उठताच येत नसे. कुणीतरी त्याला पाठीवर घेऊन डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या वैद्याच्या खाटेपर्यंत न्यावं लागे. वाट अर्ध्या तासाची. ओझं असताना पळता येत नसे, आणि पाठीवरच्याला तर बोलण्याखेरीज काहीच करता येत नसे. म्हणून माणसं बोलायची. कुणाचं लग्न मोडलेलं, कुणाची परीक्षा, कुणाचं कुत्रं हरवलेलं. अक्षरं डोक्यावर उमटायची आणि बर्फात विरून जायची. खाली पोहोचलेल्यांतले बरेचजण दुसऱ्या दिवशी स्वतः उचलायला यायचे. अशी बासष्ट माणसं जमली. त्यांनी पायथ्याशी झोपड्या बांधल्या, एक शेगडी कधी विझू दिली नाही, पाळ्या लावून घेतल्या आणि वस्तीला हमालवाडी म्हणायला लागले. खेळ बनवणाऱ्यांनी यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

आज सकाळपासून हमालवाडीतून एकेकजण निघत होता. "आता उचलायचं तरी काय?" पोस्टमन नावाचा हमाल म्हणाला आणि दक्षिणेला सोनं खणायला गेला. वाडीतल्या दोघी बहिणीही गेल्या. शेगडीपाशी चारजण उरले होते.

"रडतेस की काय?" आई म्हणाली.

"बर्फ गेला डोळ्यात."

"बर्फ तिकडे पडतोय, बाई. इथे नाही."

तेवढ्यात वरून कुणीतरी पडलं. घसरून नाही, कड्याच्या टोकावर येऊन, थोडा वेळ थांबून, सरळ खाली. मुंगी धावली नाही. पाच सेकंद गेले, दहा गेले. पडलेला तसाच पडून राहिला. त्याच्या डोक्यावर 'उठा' असं बटण मंद लुकलुकत होतं, आणि त्याच्यावर हळूहळू बर्फ साठायला लागला होता.

ती जवळ गेली. ढगोबा होता तो. वाडीतला सगळ्यात जुना हमाल. त्याने शेकडो लोक खाली नेले होते, पण स्वतः कधी पडला नव्हता.

"बटण दिसत नाहीये का?" तिने लिहिलं.

"दिसतंय की. चांगलं मोठं आहे."

"मग?"

"मी पडलोय."

तिने पाठीवर उचलायची जुनी कळ दाबून बघितली. क्षणभर काहीच झालं नाही. मग ढगोबा तिच्या पाठीवर आला, आणि तिची चाल पूर्वीसारखी जड, संथ झाली. बर्फात तिची पावलं खोल उमटू लागली.

आजूबाजूने माणसं पळत, पडत, उठत, पुन्हा पळत होती. या दोघांना पाहून एकाने विचारलं, "काय प्रकार आहे हा?" आणि उत्तराची वाट न बघता पुढे गेला.

"सगळ्यांचं ऐकलं," ढगोबा म्हणाला. "माझं राहिलंच."

"बोल की."

"बुधवारी घशाचं ऑपरेशन आहे. नंतर आवाज राहील की नाही, डॉक्टर सांगू शकत नाहीत."

मुंगीची बोटं कळांवर थांबली. ती रोज असले घसे काचेमागून बघायची, आणि तिला तिथे एकच वाक्य म्हणायचं असायचं.

"घरी बोललास?"

"बोललो. सगळे म्हणाले, काही होत नाही, हिंमत धर. घरी पडू देत नाहीत गं. लगेच उठवायला बघतात."

ती चालत राहिली. तो बोलत राहिला: मुलीला हाक मारतो तेव्हा नावाचं पहिलं अक्षर कसं लांबवतो, ती कशी वैतागते. आईने मटार सोलणं थांबवलं होतं आणि ती पडद्याकडे बघत होती.

ते पायथ्याशी पोहोचले. वैद्याची खाट तिथे नव्हती. नव्या नियमात तिची गरज उरली नव्हती. तिथे आता नुसतं गवत होतं, वाऱ्याने एकाच बाजूला झुकणारं.

"खाट काढून टाकली," ती म्हणाली. "कुठे ठेवू तुला?"

"दमलीस?"

"नाही."

"मग चल थोडं."

ती झोपड्यांवरून पुढे गेली. शेगडीपाशी बसलेले चौघे उठले. त्यांच्या पाठी रिकाम्या होत्या, त्यांना पळता आलं असतं. पण ते तिच्या मागोमाग, ओझं असल्यासारखे, हळूहळू चालू लागले.