उशिराची टाळी

लग्नाआधी आक्का ज्या बँडवर जीव टाकायच्या, त्याच्या एका कार्यक्रमात भरलेल्या कॅसेटवर त्यांचं लाडकं गाणं संपल्यावर सगळ्यांच्या टाळ्या थांबतात आणि मग एकच टाळी उशिरा वाजते. ती आक्कांची. घरात आलेल्या प्रत्येक सुनेला त्यांनी ती ऐकवली होती. आज मंचावर बँडच्या जुन्यांपैकी एकही नव्हता, नाव तेवढं तेच. आक्का खुर्चीत सारख्या चुळबुळत होत्या. “गाणं म्हणतायत की गुळण्या करतायत गं?” “हळू बोला, आई, लोक बघतायत,” धाकटी सून म्हणाली. “बघू देत. ऊठ, घरी चल.” पिशवी उचलली तोच कॅसेटवरचं तेच लाडकं गाणं सुरू झालं. ते संपताच सवयीने हात वर गेले, तोवर मंचावरच्या यंत्रातूनच भरून ठेवलेल्या टाळ्या कडाडल्या. मग उशिरा एकच. “अगंबाई, ही तर तुमची! कॅसेटवरनं उचलली!” आक्कांचे हात तसेच हवेत राहिले. “माझीच मेली. आता हिला असल्यांच्यात टाकून जाऊ कशी?”