मैदानावरच्या कुरडया

"मैदान वापरात नाही. संध्याकाळपर्यंत पावलं पडली नाहीत, तर जागा बांधकामाला दिली जाईल," खांबावरच्या यंत्राने बजावलं.

सुभद्राकाकू चक्रावल्या. जमिनीखालच्या संवेदकांना फक्त पावलं कळत, आणि मैदानभर काकूंच्या कुरडया वाळत होत्या.

"पोरं कुठं गेली गं?" त्यांनी शेजारच्या इंदुमतीला विचारलं.

"तुम्हीच म्हणालात ना, कुरडईवर पाय दिला तर तंगडं मोडीन!"

काकूंनी कुरडयांची प्लास्टिकं भराभर कडेला ओढली आणि गल्लीत हाका मारल्या. पोरं आली, पण काठावरच थबकली. शेवटी काकूंनी पदर खोचला.

"बघता काय? पळा, राज्य माझ्यावर!"

पोरं ओरडत मैदानभर पांगली. त्यांना पकडताना काकूंचाच पाय कुरडयांवर पडला.

"काकू, तंगडं!" पोरं खिदळली.

खांबावरचा लाल दिवा हिरवा झाला. काकू मात्र पळतच राहिल्या.