थोरली, मधली, धाकटी आणि हेर

२००६ साली, एका शुक्रवारी सकाळी, साप्ताहिकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा कोडेवाल्या बाई दात घासत होत्या.

"बाई, तुमच्या कोड्याची उत्तरं आली," संपादक म्हणाले.

बाईंनी घाईघाईने चूळ भरली. "पण कोडं तर परवा छापायचंय."

"तेच सांगतोय. हा तिसरा आठवडा. साधं पोस्टकार्ड, नाव नाही, पत्ता नाही. अक्षर मुद्दाम लहान मुलासारखं काढलंय, ओळखू येऊ नये म्हणून. महिन्याभरात ही गळती थांबली नाही तर कोडं बंद. त्या जागी राशिभविष्य. त्याची उत्तरं आधी कळली तरी चालतात."

अठरा वर्षं बाई शब्दकोडी रचत होत्या. दूधवाल्यापासून दंतवैद्यापर्यंत सगळे त्यांना कोडेवाल्या बाई म्हणत. कोडं गेलं असतं तर नुसत्या बाई उरल्या असत्या.

त्यांनी भाचेसुनेला बोलावलं. ती एका विमा कचेरीतले संगणक सांभाळायची आणि सासरच्या सगळ्यांचे फुकट. खिडकीपाशी संगणक होता, त्यावर भरतकाम केलेलं आच्छादन होतं. तिने ते बाजूला केलं, दहा मिनिटं खुडबुड केली आणि मान हलवली.

"आत्याबाई, यात हेर शिरलाय. स्पायवेअर. तुम्ही टाइप करता ते तो गुपचूप बाहेर पाठवतो."

"अगं बाई. आणि खातो काय?"

"काही खात नाही. ब्राउझरमधून येतो. तुमच्याकडे ब्राउझर तीन आहेत, तिन्ही वेगवेगळे सांभाळायला हवेत."

तीन म्हटल्यावर बाईंनी त्यांना थोरली, मधली आणि धाकटी अशी नावं देऊन टाकली. थोरली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात भोळी. दारात येईल त्याला 'हो' म्हणायची. तिच्या कपाळावर टूलबारच्या पट्ट्यांवर पट्ट्या चढल्या होत्या: एक हवामानाची, एक स्वस्त चपलांची, एकीवर बेडूक नाचत होता. भाचेसुनेने त्या सगळ्या उतरवल्या. मधलीला ऊठसूट खिडक्या उघडायची खोड होती, ती बंद केली. धाकटी हुशार, पण तिच्या पोटात काही राहायचं नाही असं नाही, सगळंच राहायचं. कोण आलं, कुठे गेलं, परवलीचा शब्द काय. तिला रोज रात्री सगळं विसरायला शिकवलं.

"आता सापळा लावू," भाचेसून म्हणाली. "मंगळवारी प्रत्येकीत एकेक खोटा शब्द टाइप करा. जिचा शब्द बाहेर जाईल, ती फितूर."

बाईंनी थोरलीत 'भोपळा' टाकला, मधलीत 'कासव' आणि धाकटीत 'विळी'. शुक्रवारी संपादकांचा फोन आला. पोस्टकार्डावर तीनच शब्द होते. भोपळा, कासव, विळी.

"तिघी एक झाल्यात," बाई म्हणाल्या. "सासूविरुद्ध होतातच."

पुढच्या मंगळवारी भाचेसुनेने संगणकाची वायरच काढून नेली. बाईंनी खिडकीपाशी बसून कागदावर पेन्सिलीने एक शब्द लिहिला, कागद डाळीच्या डब्यात लपवला आणि डब्यावर वरवंटा ठेवला.

शुक्रवारी संपादकांनी फोनवर कार्ड वाचून दाखवलं. "मुंगूस."

भाचेसुनेने पर्स उघडून बघितली. वीज बंद, वायर तिच्या पर्समध्ये, डब्यावर वरवंटा, तरी मुंगूस बाहेर. तिच्या चार वर्षांच्या नोकरीत असा हेर तिने पाहिला नव्हता. संपादकांच्या महिन्यातले आता दोनच आठवडे उरले होते. बाईंनी मुकाट्याने राशींची नावं पाठ करायला घेतली. निदान ते काम तरी मिळालं तर बघू.

तेवढ्यात खालची लाँड्रीवाली धुतलेल्या चादरी घेऊन वर आली. तिचं इस्त्रीचं टेबल बरोबर बाईंच्या खिडकीखाली असायचं. चादरी ठेवून ती दारात घुटमळली.

"बाई, राग मानू नका. पण मंगळवारी तुम्ही मुंगूस फार भरभर सांगितलंत. आधी पहिला उकार की दुसरा, माझी धांदल उडाली."



"मी सांगितलं?" बाईंनी विचारलं.

"दर मंगळवारी सांगता की. भ ला काना एक मात्रा भो, प, ळ ला काना ळा. शाळा दुसरीतच सुटली माझी. तुम्ही अकराला शिकवायला बसलात की मी इस्त्री उभी करते आणि लिहून घेते."

बाई कपाळाला हात लावून बसल्या. लिहिताना आपण बोलतो, तेही गल्लीला ऐकू जाईल असं, हे त्यांना अठरा वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

"पण मग पेपरला का पाठवायचे?" भाचेसुनेचा आवाज रडवेला झाला होता.

"त्यांनीच मागितले. कपडे बांधायच्या कागदावर कोड्याखाली छापलेलं असतं, 'बरोबर शब्द लिहून पाठवा.' मी स्वतः वाचलेली पहिली ओळ ती. कोणी मागितलं तर नाही कशाला म्हणा?"

बाईंनी संपादकांना फोन लावला. "हेर सापडला," त्या म्हणाल्या. "बंदोबस्त केलाय."

बंदोबस्त असा होता. मंगळवारचं कोडं बाई मागच्या खोलीत, तोंडात पाण्याची गुळणी धरून रचू लागल्या. आणि रोज अकराला, संगणक बंद ठेवून, खिडकी सताड उघडून, त्या जुनी कोडी पहिल्यापेक्षा दुप्पट मोठ्याने आणि निम्म्या वेगाने सांगू लागल्या.

साप्ताहिक पुढे नऊ वर्षांनी बंद पडलं. संपादक मुलीकडे राहायला गेले आणि रोज कोडी सोडवतात, मागच्या पानावरची उत्तरं बघून. भाचेसून मोठी अधिकारी झाली. संगणकाला हात लावण्याआधी ती खिडकीतून खाली डोकावते, आणि हाताखालच्यांना ते का, हे विचारायचा धीर होत नाही. बाई जाऊन आता सात वर्षं झाली.

लाँड्रीवाली प्रौढांच्या वर्गात जाऊन चौथी पास झाली. आज तिची दोन दुकानं आहेत आणि गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या ती स्वतः लिहिते. अक्षर मोत्यासारखं, उकार-वेलांटी बिनचूक. फक्त कोडं रचताना प्रत्येक शब्द संपला की बाई "काळा चौकोन" असंही म्हणत, ते तिने शिक्षण समजून मनापासून घेतलं आहे. म्हणून 'चादरी उद्या मिळतील' यापुढे, जिथे इतर लोक पूर्णविराम देतात तिथे, ती पट्टीने चार रेघा मारते आणि आत नीट शाई भरते.